बालकाचे पहिले पाऊल आणि ऊसतोडीचा हंगाम

(बीड जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



जून महिन्यात खेड्यातल्या प्रत्येक घरी पेरणीची लगबग असते. त्याच धांदलीत एखादी आजी तीन वर्षांच्या नातवाला तेल लावून, भांग पाडून अंगणवाडीच्या दारात आणून सोडते. पोर रडते, आजीचा पदर सोडीत नाही. पंधरा-वीस दिवस गेले की तेच पोर हातात वाटी घेऊन आपण होऊन निघते. घराबाहेरच्या माणसावर विश्वास टाकण्याचा त्याच्या आयुष्यातील हा पहिला धडा होय. रोज तीच जागा, तीच वेळ आणि तोच ओळखीचा चेहरा यांवरच तो उभा असतो.

या शिक्षणाचा आपल्या राज्यातील वारसा मोठा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली, तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. मूल का येत नाही याचे कारण त्याच्या घरच्या कामात शोधावे, हे या प्रयोगांचे सार आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा आहेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेचा ४५ वा अनुच्छेद सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे सांगतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बालाघाटाच्या डोंगररांगांतील कोरडवाहू जमीन वर्षभर पोट भरू शकत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, काही कर्नाटकात, ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत विसावा नसतो, आणि उन्हाळा लागल्यावर माणसे गावी परततात. म्हणजे जूनमध्ये अंगणवाडीत रुळलेले मूल चार-पाच महिन्यांतच तेथून उठते आणि उसाच्या फडाशेजारच्या कोपीत जाऊन पडते.

मोठ्या भावंडांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय झालेली आहे. परंतु तीन-चार वर्षांच्या बालकाला वसतिगृहात ठेवता येत नाही, आणि ते आईपासून तोडूही नये. घरी आजी-आजोबा धडधाकट असतील तर ते मागे राहते. नसतील तर आईबरोबर जाते. मग फडावर त्याला सांभाळायला कोण? बहुधा आठ-नऊ वर्षांची बहीण. अशा प्रकारे एका बालकाची अंगणवाडी सुटली की त्याच्या बहिणीची शाळाही सुटते. ज्यासाठी कोसबाडला पाळणाघर शाळेच्या आवारात आले, तोच हा प्रश्न होय.

या आईबापांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. मुलाची माया कमी म्हणून ती जात नाहीत. उचल फेडायची असते म्हणून जातात. ज्या गोष्टी गावाच्या हातात आहेत, त्यांचा विचार आपण करावा.

दसऱ्यापूर्वीच्या ग्रामसभेत कोणते कुटुंब कोठे जाणार आणि त्यात सहा वर्षांखालील मुले किती, याची यादी वाचावी. लसीकरणाची नोंद व वजनाचे कार्ड आईच्या हाती देऊनच तिला निरोप द्यावा. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थींची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते. ती सेविकेने वेळेवर करावी, म्हणजे कारखान्याच्या परिसरातील सेविकेला मूल आल्याचे कळेल. आजीजवळ राहणाऱ्या मुलांकडे सरपंचांनी व सदस्यांनी विशेष लक्ष पुरवावे. आजी थकली असेल तर शेजारच्या मुलांसोबत ते अंगणवाडीत पोहोचते की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. पहिलीच्या शिक्षकांनीही हंगामानंतर परत आलेले मूल मागे का, असे न विचारता त्याची जागा राखून ठेवावी.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या गरम ताज्या आहारासाठी वर्षातून ३०० दिवस असे प्रमाण ठरलेले आहे. ते ३०० दिवस गावात आणि फडावर मिळूनच भरावयाचे आहेत. हजेरीपटावर जूनमध्ये एक नाव चढले म्हणून मूल अंगणवाडीत आले, असे मानून चालणार नाही. हंगाम संपवून बैलगाड्या गावात शिरतील तेव्हा तेच मूल दुसऱ्या दिवशी न रडता आपल्या जागेवर जाऊन बसले, तर त्याचा प्रवेश खरा झाला असे समजावे. येत्या दसऱ्यापूर्वी आपापल्या गावची ती यादी तयार व्हावी, अशी आपणा सर्वांस विनंती करून मी माझे भाषण संपवितो.