दान गुप्त, कबुली उघड



ज्या शाळेच्या बाकांवर मी मराठी मुळाक्षरे गिरवली त्याच शाळेत, आणि ज्या गुरुजींनी ती गिरवून घेतली त्यांच्याच स्मरणार्थ चाललेल्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी पंडित नव्हे. ख्रिस्ती घरात जन्मलेला, पेडण्याच्या मातीत वाढलेला आणि मराठीत लिहिता-वाचता झालेला एक निवृत्त शिक्षक, एवढीच माझी ओळख. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा ‘ख्रिस्ती जीवनातील दंभ आणि शुद्ध हेतू’ हा विषय मी मागून घेतला. दुसऱ्याच्या धर्मातील दंभ दाखविणे सोपे असते. आपल्या घरातला केर आपणच काढावा, हे बरे.

आरंभ गुरुजींच्या एका आठवणीने करतो. आम्ही चौथीत असताना एका मुलाने सहलीसाठी आणलेले पैसे हरवले. संशय वर्गातल्या एका गरीब मुलावर गेला. गुरुजींनी त्याला आमच्यासमोर छड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी ते पैसे ज्याचे होते त्याच्याच पुस्तकाच्या वेष्टनात सापडले. गुरुजींनी त्या मार खाल्लेल्या मुलाला एकट्याला बाजूला घेऊन चार गोड शब्द सांगितले असते, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. तो काळच तसा होता. पण ते वर्गासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “काल मी तुम्हा सर्वांदेखत याला मारले. तेव्हा माफीही सर्वांदेखतच मागितली पाहिजे.” आणि त्यांनी त्या मुलापुढे हात जोडले. या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आजचे माझे सारे बोलणे म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे समजा.

आता विषयाकडे वळतो. शुभवर्तमानात येशू ज्यांना ढोंगी म्हणतो, त्यांच्यासाठी मूळ ग्रीक ग्रंथात ‘हुपोक्रितेस’ असा शब्द आहे. त्याचा जुना अर्थ रंगभूमीवरचा नट. आपल्या पेडणे महालात हे समजावून सांगण्याची गरज नाही. दशावतारी नाटकातला राजा रात्रभर तलवार घेऊन गर्जना करतो आणि पहाटे तोंडावरचा रंग पुसून, सामान आवरून पुढच्या गावाची वाट धरतो. त्यात फसवणूक नाही, कारण तो नट आहे हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. दांभिक माणसाचे दुःख असे की, त्याची पहाट होतच नाही. रंग चढवलेला चेहराच आपला, असे तो स्वतःही मानू लागतो.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात तीन धर्मकृत्यांचा विचार आहे: दान, प्रार्थना आणि उपवास. यांपैकी एकही वाईट नाही. आक्षेप कृत्यावर नाही, ते कोणी पाहावे म्हणून केले यावर आहे. दान गुप्त असावे, असा त्या शिकवणीचा रोख. परंतु त्याच शुभवर्तमानात, आदल्याच अध्यायात, दुसरी एक शिकवण आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आपल्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सल आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय नावाचा जकातदार तर सर्वांसमोर उभा राहून सांगतो की, ज्याला मी लुबाडले असेल त्याला चौपट परत करीन. सत्कर्म झाकून ठेवावे आणि अपराध उघडपणे कबूल करावा, असा हा क्रम आहे. आपण नेमके उलटे करतो. आपले दान संगमरवरी फरशीवर कोरलेले असते आणि आपला पश्चात्ताप कुमसाराच्या जाळीआड कुजबुजून संपतो.

हा उलटा क्रम व्यक्तीच पाळतात असे नाही, संस्थाही पाळतात. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले. 1774 ते 1778 हा खंड वगळला, तर ते 1812 पर्यंत चालू होते. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या मनात खरी श्रद्धा आहे की नाही, हे तपासणे हे त्याचे मुख्य काम. म्हणजे हेतूची परीक्षा दंडुक्याने घ्यावयाची! आपले गोमंतकीय संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी 1961 साली या न्यायालयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. 1736 च्या हुकूमनाम्यात नव्या ख्रिस्ती कुटुंबांना कशाकशाची मनाई झाली होती, हे तो वाचल्यावर कळते. दारात तुळस लावू नये, लग्नात विडे वाटू नयेत, मीठ न घालता भात शिजवू नये. भातातल्या मिठावरून जेथे श्रद्धा मोजली जाते, तेथे माणूस शेजाऱ्याच्या नाकासाठी स्वयंपाक करू लागतो. दंभ शोधण्यासाठी बसविलेल्या न्यायालयाने दंभाचीच पेरणी केली. आरोपीवर आरोप करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाई. शिक्षेची मिरवणूक मात्र भर रस्त्यातून निघे.

पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांकडे आले ते उशिरा, डिचोली 1780 च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे 1788 साली. त्या वेळी येथील लोकांच्या धर्मात व चालीरीतींत हात न घालण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. त्याआधीच्या काळात तर हा मुलूख आश्रयाचा होता. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ 16 व्या शतकात पाडले गेले, तेव्हा देव नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला. 1668 साली शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला आणि 2023 साली त्याचे पुन्हा नूतनीकरण झाले. मी ख्रिस्ती आहे आणि नार्व्याला गेलो की मान खाली घालून उभा राहतो. ती मान अपराध्याची नाही, कारण ते देऊळ मी पाडले नाही. परंतु ज्या नावाने मी प्रार्थना करतो, त्याच नावाने ते पाडले गेले, हे विसरून केलेली प्रार्थना मला पुरी वाटत नाही.

पण त्याच काळाची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. बाणावलीला 1651 साली जन्मलेले पाद्री जुझे वाज 1687 साली मजुराच्या वेषात सिलोनला गेले. तेथे किनाऱ्यावर डचांचे राज्य होते आणि कॅथलिक धर्मगुरूंना मनाई होती. म्हणजे गोव्यात जी सत्ता त्यांच्या धर्माच्या पाठीशी उभी होती, तशीच सत्ता तेथे त्यांच्या धर्मावर उठली होती. कँडीच्या बौद्ध राजाने त्यांना आधी हेर समजून कैदेत ठेवले आणि पुढे आश्रय दिला. 1697 साली देवीची साथ आली, तेव्हा लोक रोग्यांना टाकून पळाले. हे पाद्री मात्र रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले. 1711 साली ते तेथेच वारले. 2015 साली त्यांना संतपद मिळाले. पण रोग्यांची सेवा करताना त्यांच्यासमोर ना आल्तार सजविलेला होता, ना टाळ्या वाजविणारे कोणी होते. एकच धर्म आणि एकच शतक, पण एका ठिकाणी हातात सत्ता होती आणि दुसऱ्या ठिकाणी पाण्याचे भांडे.

मराठी मुलखातील रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही हेतूचाच प्रश्न निघाला. धर्मांतर म्हटले की लोभ, असे समीकरण लोकांनी मांडले. प्रत्यक्षात त्यांच्या पदरी पडला तो आप्तांचा वियोग. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे 1917 साली टिळकांनी मिशनची पगारी चाकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. लक्ष्मीबाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला आणि 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध केली. त्या पुस्तकाचे मोठेपण मला भाषेपेक्षाही एका गोष्टीत वाटते. आपले सोवळे, आपला राग, आपले अज्ञान हे सारे त्या हसत-हसत चारचौघांत मांडतात. उघड कबुलीचे इतके निरोगी उदाहरण मराठीत विरळा.

येथपर्यंत मी दुसऱ्यांविषयी बोललो. गुरुजींच्या व्यासपीठावरून एवढ्यावर खाली उतरलो, तर तो दंभच होईल.

आमचे घर भाटकाराचे. आमच्या माडांच्या भाटात एक मुंडकार कुटुंब तीन पिढ्या राहत होते. 1975 चा मुंडकार कायदा आला आणि त्या घरातील आजोबांनी नोंदणीसाठी अर्ज केला. माझ्या वडिलांना तो अपमान वाटला. कायद्याच्या कक्षेतून पगारी नोकराला वगळता येते, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो, घरात सर्वांत जास्त शिकलेला. मी मामलेदारापुढे जबानी दिली की, हा माणूस आमचा पगारी राखणदार होता. ते खोटे होते. त्यांना आमच्याकडून पगार कधी मिळाला नाही. मिळाले ते पडलेले नारळ आणि आमचे हुकूम.

त्याच आठवड्यात आमच्या अंगणातल्या खुरसापुढे लदीन होता. वडील त्या वर्षी फेस्ताचे प्रेजिदेंत होते. लदीनाला मी पुढे होऊन गायिलो. त्याच आजोबांनी खुरसाला झेंडूच्या माळा घातल्या आणि लदीन संपल्यावर उकडलेले चणे वाटले. माझा आवाज त्या रात्री चांगला लागला होता, असे सर्वजण म्हणाले. मलाही तसेच वाटले. हीच ती न होणारी पहाट.

प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. आजोबा वारले, मग वडील वारले. त्यानंतर मी ती घराची जागा त्या कुटुंबाच्या नावे करून दिली. गावात माझे कौतुक झाले. देवळात प्रवचनात माझे नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा रीतीने उल्लेख झाला. तो मी डोळे मिटून ऐकला, पण कान उघडे होते. कागद द्यायला गेलो, तेव्हा आजोबांच्या वृद्ध पत्नीने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि विचारले, “बाब, ते नोकर होते असे तुम्ही लिहून दिले होते, ते खोडले काय?”

मी ते खोडले नव्हते. मला ते सुचलेही नव्हते. मी जमीन दिली, पण सत्य दिले नाही. दान करून कबुली टाळली. मी काहीतरी पुटपुटलो आणि निघून आलो. आता त्या बाई हयात नाहीत.

आज मी येथे, या गावच्या लोकांसमोर, सांगतो की ती जबानी खोटी होती. आजोबा कोणाचे नोकर नव्हते. ते आमचे शेजारी होते आणि ते घर त्यांच्या हक्काचे होते. ही पुस्तिका छापली जाईल, तेव्हा हे वाक्य तिच्यात राहावे, अशी माझी विनंती आहे.

कोणी म्हणेल, हेही प्रदर्शनच. असू शकेल. माझ्या हेतूत किती भेसळ आहे, हे मला सांगता येणार नाही. हेतू पूर्ण शुद्ध होईपर्यंत थांबायचे ठरविले, तर खोटी जबानी खोटीच राहते आणि समोरचे माणूस वाट पाहून निघून जाते. म्हणून हेतूच्या शुद्धीची एकच साधी कसोटी मी जवळ ठेवली आहे. हे केल्याने माझे नाव वाढते की ज्याचे मी नुकसान केले त्याचे नाव परत मिळते? पहिले होत असेल, तर ते झाकून करावे. दुसरे होत असेल, तर उघड करावे.

संस्थांनाही हीच कसोटी लागू आहे. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भर उपासनेत क्षमायाचना केली, तेव्हा सत्याच्या सेवेसाठी म्हणून वापरलेल्या बळजबरीचाही उल्लेख झाला. गोव्याचे न्यायालय बंद होऊन तेव्हा 188 वर्षे लोटली होती. त्या न्यायालयाची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली आहेत. ज्यांची माफी मागावयाची त्यांची नावेही आता पुरती सापडत नाहीत. उशिराच्या कबुलीचे हेच दुःख आहे, आणि माझेही तेच आहे.

विद्यार्थिमित्रहो, गुरुजींनी चूक झाल्यावर एका दिवसात हात जोडले. मला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. तुम्ही गुरुजींचे विद्यार्थी व्हा, माझे नको.