वस्तीतल्या डॉक्टरची तीन कौशल्यं

हुबळीच्या दाजीबानपेठेत फिरताना कन्नड, मराठी आणि सावजी मंडळींची बोलीही कानावर पडते. अशा वस्तीतल्या डॉक्टरला आधी हवा तो कान. ‘पोटात कालवतंय’, ‘जीव घाबरा होतोय’ असं रुग्ण सांगतो, तेव्हा त्याला मध्येच न तोडता पुरतं ऐकून घ्यायचं.

दुसरं कौशल्य नजरेचं. तान्ह्या बाळाला खोकला झालाय? बाळ शांत असताना झबलं वर करावं आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, तर दवाखाना लगेच गाठायचा.

तिसरं कौशल्य शिकवण्याचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं. तिथे त्यांनी गावातल्या, फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, लसीकरण, स्वच्छ पाणी या गोष्टी त्या बायकांनी घरोघरी पोहोचवल्या.

आपल्याजवळचं ज्ञान वस्तीच्या हाती सोपवतो, तोच वस्तीचा खरा डॉक्टर.