मायस्थेनिया ग्रेव्हिस : दुर्मिळ म्हणजे किती?

(संस्थेच्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आजाराचे नाव अवघड आहे, म्हणून सुरुवातीलाच ते दोनदा उच्चारतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस, मायस्थेनिया ग्रेव्हिस. अर्थ इतकाच की, स्नायूंचा गंभीर अशक्तपणा. वस्तीत जाऊन आम्ही या आजाराविषयी बोलू लागलो की पहिला प्रश्न हमखास येतो, "असले आजार आपल्याकडे असतात का हो?" आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आधी आजार समजून घेऊ. मेंदूचा हुकूम मज्जातंतूमधून स्नायूपर्यंत येतो. तंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन ती फट ओलांडते, स्नायूवरील ग्राहकांना जाऊन भिडते आणि मग स्नायू आकुंचन पावतो. रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, तीच या आजारात त्या ग्राहकांवर तुटून पडतात. पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला दारात अडवावे, तसा हा प्रकार. परिणामी वापरावे तसे बळ सरते आणि विश्रांती घेतली की थोडे परत येते. सकाळी माणूस ठीकठाक असतो. संध्याकाळी त्याची पापणी खाली येते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो, आवाज नाकातून येऊ लागतो. दुखत नाही, बधिरपणा येत नाही. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागतही नाही.

आता संख्येकडे वळू. अलीकडच्या अभ्यासांनुसार दर दहा लाख लोकांमागे साधारण १५० ते २५० रुग्ण असतात. नव्याने आजारी पडणारे दरवर्षी दहा लाखांत ४ ते ३०. हे दोन आकडे वेगळे आहेत, हे ध्यानात घ्यावे. हौदात नळाने येणारे पाणी वेगळे आणि हौदात साठलेले पाणी वेगळे. खालची गळती थांबली, तर नळ तेवढाच असूनही हौद भरत जातो. १९३४ साली लंडनमधील ग्रीनिच येथे डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मीन देऊन या रुग्णांत तात्पुरते बळ आणून दाखविले. त्यापूर्वी या आजारावर परिणामकारक औषध नव्हते आणि श्वासाचे स्नायू थकून अनेक रुग्ण दगावत. आज योग्य उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. रुग्णसंख्या वाढलेली दिसते, त्यातला मोठा भाग हा असा आहे.

जपानचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे देशभर पाहणी होते. २००६ च्या पाहणीत अंदाजे १५,१०० रुग्ण निघाले, तर २०१८ च्या पाहणीत २९,२१०. बारा वर्षांत जवळजवळ दुप्पट! जपानी माणसाचे रक्त काही बारा वर्षांत बदलले नाही. वृद्धांची संख्या वाढली, रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी सर्रास होऊ लागली आणि रुग्ण जगू लागले. शोधणारा असला की सापडतात, असे आमचे मत आहे.

म्हणून सर्व मानवसमूहांत हा आजार अगदी सारखाच असतो, असेही नव्हे. युरोपात तो चाळिशीच्या आतील स्त्रियांत आणि साठीनंतर पुरुषांत अधिक आढळतो. चीन, जपानकडे लहान मुलांत सुरू होणारा व डोळ्यांपुरताच राहणारा प्रकार पुष्कळ दिसतो. २००१ साली 'मस्क' नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. तो प्रकार उत्तर युरोपात कमी, तर भूमध्य समुद्राकाठच्या देशांत जास्त आहे.

आणि आपल्याकडे? देशव्यापी मोजणी झालेली नाही. मुंबईचे डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ८४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे जवळजवळ पावणेतीन पुरुष होते. आता याचा अर्थ काय लावावयाचा? आपल्याकडे पुरुषांत आजार खरोखरच जास्त असेल, हे नाकारता येत नाही. परंतु ही रुग्णालयात पोहोचलेल्यांची मोजणी आहे, घरी बसलेल्यांची नव्हे. संध्याकाळी भांडी घासताना जिचे हात गळतात, तिला घरात काय म्हणतात, हे येथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगायला नको. 'कामाचा कंटाळा', 'ढोंग', फार तर 'वारे गेले'. सकाळी दवाखान्यात नेले तर पापणी जागेवर असते, आणि डॉक्टरही टॉनिक लिहून देतात. ती कोणत्या आकड्यात मोजली जाणार?

एक ढोबळ हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. दहा लाखांमागे १५० धरले, तर सोळा-सतरा हजार रुग्ण होतात. आपली लोकसंख्या युरोप-जपानपेक्षा तरुण आहे, म्हणून निम्मेच धरा. तरी आठ हजार! गावोगावी नसतील, पण तालुक्यात दहा-पाच असावेत, असा हा आकडा आहे.

तेव्हा कोणाची पापणी संध्याकाळी झुकत असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, तर त्यांना मेंदू व मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे न्यावे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांत ते भेटतात. संध्याकाळी काढलेला चेहऱ्याचा फोटो सोबत ठेवावा, फार उपयोगी पडतो. रक्ततपासणी आणि स्नायूंची विद्युत तपासणी होते. छातीतील थायमस ग्रंथीचीही तपासणी करतात, कारण दहा रुग्णांपैकी एखाद्याला तेथे गाठ असते. पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या पुष्कळांना चालतात. पुढील औषधे व शस्त्रक्रिया डॉक्टर ठरवतील.

निदान झालेल्या रुग्णाने मात्र आजाराचे नाव कागदावर लिहून खिशात ठेवावे आणि तापासाठी गेलो तरी प्रत्येक डॉक्टरला दाखवावे. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारख्या नेहमीच्या औषधांनीही हा अशक्तपणा एकाएकी वाढू शकतो. श्वास अपुरा पडू लागला किंवा थुंकीही गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.