रानडुकराच्या स्नायूंतील अळी



जनावरांच्या रोगांत आयुष्य घालविलेल्या माणसाने शाळेच्या व्यासपीठावरून रानडुकराविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु या विषयाचा आरंभ एका विद्यार्थ्याच्याच नजरेतून झाला. 1835 साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट हा प्रथम वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदन पाहत होता. मृताच्या स्नायूंत पांढरे, खरखरीत कण होते. असे कण पूर्वीही आढळत. त्यांनी सुऱ्यांची धार जाते, एवढीच त्यांची दखल. पॅजेटने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तो आत वेटोळे घातलेली अळी! तिचे नामकरण रिचर्ड ओवेन यांनी केले आणि श्रेयही बराच काळ त्यांच्याकडेच राहिले. विद्येच्या क्षेत्रातही असे घडते.

हीच ट्रिकिनेला. उंदीर किंवा मेलेले जनावर खाताना ती रानडुकराच्या पोटात जाते. जठररसात तिचा कोश विरघळतो, आतड्यात ती प्रौढ होते आणि तिच्या अळ्या रक्तावाटे स्नायूंत शिरून वर्षानुवर्षे जिवंत राहतात. डुक्कर मात्र धडधाकट दिसते. त्याचे मांस अर्धेकच्चे खाणाऱ्यास आधी जुलाब, मग ताप, अंगदुखी व डोळ्यांभोवती सूज येते. कधी हृदय वा मेंदूही सापडतो. उत्तराखंडात गावजेवणातील अशा मांसाने माणसे आजारी पडल्याचा वृत्तान्त 2014 साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आला.

युरोपात बाजारात जाणाऱ्या प्रत्येक रानडुकराच्या मांसाचा तुकडा पेप्सिन व आम्लात विरघळवून अळी शोधतात. आपल्याकडे, बेळगाव-खानापूरच्या रानांतही, डुकरे आहेत. 1972 च्या कायद्याने शिकारीवर निर्बंध आहेत. पण चोरून मारलेल्या जनावराचे मांस कोणत्याही तपासनिसापुढे येत नाही, ही खरी अडचण.

मीठ, धूर, वाळवण यांवर विसंबू नये. गोठवण्यावरही नाही, युरोपातील रानडुकरांत आढळणारी ट्रिकिनेला ब्रिटोवी ही जात थंडीला सहजी दाद देत नाही. उरतो तो चुलीचा उपाय: तुकड्याच्या गाभ्यापर्यंत 71 अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे, वरून भाजलेले आणि आत लाल राहिलेले मांस ताटात येता कामा नये.