शटर आणि हातगाडी
(वलवणला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



लोणावळ्याच्या बाजारात एखादा व्यापारी वारला की सगळी शटरं अर्धी खाली येतात. लहानपणापासून बघतोय. संघटनेची माणसं मयतीला जातात, पोराला धंद्यासाठी उसने पैसे देतात, नगरपालिकेत शब्द टाकतात. याला ते आपुलकी म्हणतात. आहेच ती, मी नाकारत नाही. पण माझी आय वलवणच्या धरणाकडं बावीस पावसाळे कणसं भाजायची. ती गेली त्या दिवशी एक शटर हललं नाही. ज्या दुकानातून ती रोखीनं कोळसा घ्यायची, त्या दुकानदाराला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ‘कणीसवाली’, बस्स!

धंदा माणसं जोडतो म्हणे. कुणाला जोडतो? बाबासाहेब 1917 ला परदेशातून शिकून आले, मुंबईत शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. गिऱ्हाईक आलं. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं, गिऱ्हाईक पळालं. पेढी बंद. कोलंबियात शिकलेलं अर्थशास्त्र होतं, पण जात आडवी आली.

मग बाजाराकडं पाठ फिरवायची? अजिबात नाही. पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. बाबा आढाव पाठीशी होते. बहुतेक बाया, बहुतेक दलित घरांतल्या. भंगारवाला वजनात मारायचा, पोलीस चोर समजायचा, कुत्री अंगावर यायची. पंचायतीनं महापालिकेकडून ओळखपत्र मिळवलं, त्यावर नाव, फोटो. सावकाराला पर्याय म्हणून पतसंस्था काढली, स्वतःचं भंगाराचं दुकान काढलं. 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला आणि बाया दारोदार कचरा घ्यायला जाऊ लागल्या. जिथून हाकलत होते तिथं बेल वाजवून उभ्या राहिल्या. जात गेली का? नाही. पण भांडण झालं तर मागं हजारो उभ्या, हे बाईला आणि सोसायटीच्या चेअरमनलाही कळलं.

पुण्यातच 2005 ला मिलिंद कांबळेंनी दलित उद्योजकांचं चेंबर काढलं, ‘डिक्की’. चांगलंच केलं. पण त्यांची भाषा कारखान्याची, टेंडरची. आपल्याकडं हातगाडी आहे.

एक्स्प्रेसवे उतरला की वलवण. शनिवार-रविवारी मुंबई-पुणं इथं येऊन खातं, आणि गाडी उचलायची वेळ आली की आपण एकेकटे. 2014 चा पथविक्रेता कायदा वाचलाय कुणी? सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडलेले पाहिजेत, त्यांतल्या एक तृतीयांश बाया. अनुसूचित जातींचं प्रतिनिधित्वही कायद्यात लिहिलंय. आपण गेलो नाही तर त्या खुर्च्यांवर कोण बसेल, ते मी सांगायला नको.

आणि एक कडू बोलतो. आपली भिशीसुद्धा जातीजातीची आहे. बौद्धांची वेगळी, मातंगांची वेगळी, कातकरी बाई करवंदं घेऊन बसते ती तर कुणाच्याच भिशीत नाही. व्यापाऱ्यांना शिव्या देताना हे आठवा.

रविवारी रात्री गाड्या लागल्यावर मी वही घेऊन येतो. प्रत्येकानं पूर्ण नाव सांगायचं. ‘भजीवाला’, ‘कणीसवाली’ लिहून घेणार नाही. कातकरी बाईला निरोप कोण देणार, ते आत्ता इथंच ठरवू.