सोन्याचं गाव

मंडळी, आपलं चिरनेर भाताचं गाव. आज सोन्याच्या गावाची गोष्ट ऐका.

कर्नाटकात कोलार आहे. एके काळी ते शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. तिथल्या माळावर १८८० साली विलायतेची जॉन टेलर कंपनी आली. खाणी निघाल्या, गाव वसलं. १९०२ साली वीजही आली. पण खाणीत उतरणारा मजूर बांबूच्या झोपडीत राही. खाण तीन किलोमीटर खोल गेली. दगडाची धूळ छातीत बसे. नफा मात्र विलायतेला जाई.

१९३० साली मजुरांच्या बोटांचे ठसे घ्यायचं ठरलं. चोरासारखे ठसे कशाला, म्हणून मजुरांनी संप केला. त्याच साली, २५ सप्टेंबरला, आपल्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. गोळीबारात माणसं पडली. तिथे सोनं, इथे लाकूड. सवाल एकच. राबणाऱ्याचा वाटा कुठे?

१९५६ साली कोलारच्या खाणी सरकारच्या झाल्या. सोनं कमी झालं, खर्च वाढला. २००१ साली त्या खाणी बंद पडल्या. मजुरांची रोजी गेली. मागे धुळीच्या टेकड्या उरल्या.

सोनं एकदाच निघतं. राखलेला डोंगर दरसाल देतो. आता आपल्याला अक्षर येतं. जमिनीचा, डोंगराचा कागद पुढे आला, तर आधी वाचा, विचारा. मग सही करा.