हातची विद्या
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाचा वर्ग केला आणि सारे आयुष्य भोर व वेल्हे या दोन तालुक्यांतील शाळांतून मुले शिकविण्यात गेले. वेल्ह्यास आता राजगड तालुका म्हणतात; परंतु आमच्या तोंडी जुनेच नाव बसलेले आहे, ते आपण चालवून घ्यावे. विद्वत्तेचा विषय आमच्याजवळ नाही. ज्याचे महत्त्व डोळ्यांसमोर असूनही आपल्या घरांतून उणावत चालले आहे, अशा एका साध्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे हातची विद्या: बिघडलेली वस्तू उघडून पाहणे, दोष ओळखणे आणि ती पुन्हा चालती करणे.

प्रथम एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी वेल्ह्याकडील डोंगरउतारावरच्या एका वाडीत ऐन वैशाखात हातपंप बंद पडला. आपल्या मुलुखात पाऊस धो धो पडतो, पण ते पाणी डोंगरावर थांबत नाही. होळी झाली की झरे आटू लागतात, हे आपणांस ठाऊकच आहे. वाडीने संबंधित कचेरीत अर्ज दिला. दोन आठवडे लोटले तरी कोणी फिरकले नाही. तेवढे दिवस बायाबापड्या दरी उतरून हंडे वाहत होत्या. अखेर सरपंचांना विचारून नववीत नापास झालेल्या एका मुलाने पंपाचे वरचे झाकण उघडले. दांड्याला साखळी जोडणारा बोल्ट निसटला होता, एवढाच बिघाड. दोन पाने, एक नवा बोल्ट आणि थोडे ग्रीस यांवर अर्ध्या तासात पाणी आले. त्या वाडीत पदवीधर तरुण चार होते. त्यांची आम्ही निंदा करीत नाही. त्यांपैकी दोघे आमच्याच हाताखालून गेलेले. परंतु झाकणाच्या आत काय आहे ते पाहावे, असे त्यांच्या मनात आले नाही. पुस्तकातील तरफेची आकृती त्यांनी अचूक काढली असती. तीच तरफ दारात उभी होती, ती त्यांना दिसली नाही.

या हातपंपाची कथाही ऐकण्याजोगी आहे. 1972 च्या दुष्काळात व त्यानंतर महाराष्ट्रात पुष्कळ विंधनविहिरी खोदल्या गेल्या. त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप एखाद्या कुटुंबाच्या वापरापुरते बेतलेले असत. सबंध गावाने पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसल्यावर ते टिकेनात. त्या वेळी जे पंप टिकाव धरून राहिले, त्यांत जालना व सोलापूर येथे घडविलेले पंप प्रमुख होते. सोलापूरच्या पंपाची रचना एका स्वयंशिक्षित कारागिराने केली होती. याच पंपाच्या पायावर पुढे भारत सरकार व युनिसेफ यांनी मिळून 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप सिद्ध केला. तो आज आशिया व आफ्रिका खंडांतील कित्येक देशांत पाणी देत आहे. त्यानंतर आलेल्या 'मार्क तीन' या पंपात आणखी एक सोय झाली. पूर्वी आतील वॉशर बदलावयाचे तर पाइपांची सगळी माळ वर ओढावी लागे. नव्या रचनेत पाइप जागेवर ठेवून केवळ दट्ट्या वर काढता येतो. दुरुस्ती गावाच्या हाती यावी, हा त्यामागील हेतू. यंत्राने माणसासाठी एवढा वाकडा मार्ग सरळ करून दिला. माणसाने निदान पाना तरी हाती धरावयास नको काय?

आणि पंपाची भाषा काही अवघड नाही. पुष्कळ वेळ हापसल्यावर मग पाणी येऊ लागले, तर तळाची झडप गळते आहे. पाणी लगेच येते पण धार बारीक आहे, तर दट्ट्याचे वॉशर झिजले आहे. दांडा हलका लागतो आणि पाणी मुळीच नाही, तर साखळी किंवा सळई सुटली आहे. वैद्य नाडी पाहतो, तसेच हे आहे.

आपल्या मुलुखाला या विद्येचे वावडे कधीच नव्हते. जुन्या गावगाड्यात लोहाराचा भाता आणि सुताराची तासणी यांवाचून नांगर चालत नसे, मोट चालत नसे. भोरजवळच्या भाटघर धरणाकडे पाहा. त्याच्या 81 दरवाजांपैकी 45 स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीवर आले की पाण्याच्याच जोराने ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. खडकवासल्याच्या धरणावर असे स्वयंचलित दरवाजे 1903 साली बसले, ते पुण्यातच अभियांत्रिकी शिकलेल्या विश्वेश्वरय्यांच्या कल्पनेतून. दर पावसाळ्यात आपण कुटुंबासह धरण पाहावयास जातो, पाण्याची छायाचित्रे घेतो. 'हा दरवाजा आपोआप कसा उघडतो?' असा प्रश्न मुलाने विचारला, तर त्याला गप्प न करता धरणाच्या भिंतीकडे बोट दाखवून दोन घटका बोलणारे वडील किती, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

महाराष्ट्रातील थोर उद्योजकांची चरित्रे पाहिली, तरी त्यांचा आरंभ अशाच लहानसहान कामातून झालेला दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास मुंबईस गेले. रंगांधळेपणा निघाला म्हणून यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले. 1888 मध्ये बेळगावास त्यांनी व त्यांच्या बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. तेथून कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा आपल्या सहकाऱ्यांसह स्वतः घडविला व 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणली. ही माणसे लहानपणी वस्तू उघडीत असतील, तेव्हा घरच्यांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातलेच असतील. पण हात मोडून ठेवले नाहीत, हे आपले भाग्य.

आता आपल्या शेतकरी बांधवांकडे वळू. भोर-वेल्ह्याचे भात हे आपले अन्न आणि अब्रू. हल्ली चिखलणीस बैलांच्या जागी पॉवर टिलर आला आहे. भाताचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की लावावे. थांबले तर रोप जून होते आणि फुटवे कमी येतात. अशा वेळी भर पावसात टिलर बंद पडतो. मिस्त्री भोरला किंवा नसरापूरला. त्याच्याकडे आधीच दहा गावांची बोलावणी. लावणीच्या बाया बांधावर बसून, मजुरी मात्र चालू. पुष्कळदा बिघाड असा असतो की, डिझेलच्या नळीत हवा धरलेली असते, पट्टा सैल झालेला असतो, किंवा हवेची जाळी चिखलाने कोंदलेली असते. ही तीन कामे ज्या घरातील मुलाला अथवा सुनेला येतात, त्या घराची लावणी वेळेवर उरकते. या विद्येचे मोल किती, ते सुगीत खळ्यावर मोजून पाहावे.

घरातही तेच. नळाचे वॉशर, कुकरची कडी, स्टोव्हची पिन, विजेच्या पिनेतील सुटलेली तार, शिलाईयंत्राचा ताण, सायकलचे पंक्चर. पंक्चरचेच पाहा. ट्यूब पाण्यात धरावी, बुडबुडे येतील तेथे खूण करावी, कोरडी करून कागदाने खरवडावी, सोल्यूशन लावावे आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मग ठिगळ दाबावे. घाईने ओल्यावर चिकटविलेले ठिगळ उद्या सुटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा काढावा. काटा राहिला, तर ठिगळ कितीही सुबक असो, चार मैलांवर पुन्हा चाक बसणार. बिघाड दुरुस्त करण्यापूर्वी त्याचे कारण काढावे, हा धडा सायकल फुकट शिकविते. आणि तो प्रपंचातही उपयोगी पडतो.

ही विद्या शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी चार नियम सांगून ठेवतो. पहिला, उघडण्याआधी पाहा, ऐका, हुंगा. निम्मा दोष तेथेच कळतो. दुसरा, काढलेला प्रत्येक भाग एका ताटात क्रमाने मांडा, म्हणजे जोडताना उलट क्रमाने उचलता येतो. तिसरा, जोर करू नका. जे हलत नाही त्याला कोठेतरी अडकण आहे, ती शोधा. चौथा, जिवाशी खेळ नको. विजेच्या वस्तूस हात लावण्यापूर्वी प्रवाह बंद करून पिन काढावी, आणि जे आपणांस येत नाही ते जाणत्याकडे न्यावे. जाणत्याकडे नेण्यात कमीपणा नाही. फक्त त्याच्याजवळ बसून तो काय करतो ते पाहावे, आणि त्याचे दाम देताना घासाघीस करू नये.

कोणी म्हणेल, हे सारे शाळेने शिकवावे. ते खरे आहे. महात्माजींनी 1937 मध्ये वर्ध्यास नई तालीमचा विचार मांडला तो हाच. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम स्थापून शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, बांधकाम असे हाताने करीत शिकविण्यास प्रारंभ केला. स्वतः मोठे शास्त्रज्ञ, मोठ्या कंपनीतील संशोधनाची जागा सोडून खेड्यात आलेले. तेथील 'मूलभूत तंत्रज्ञान' हा अभ्यासक्रम पुढे कित्येक माध्यमिक शाळांनी घेतला. तथापि शाळेची वाट पाहत घराने स्वस्थ बसावे, असे आम्हांस वाटत नाही. मूल बोलावयास शाळेत शिकत नाही. पाना धरावयासही घरीच शिकेल.

येथे ज्ञातीपुढे एक विनंती ठेवतो. आपली संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, तो अवश्य करावा. परंतु ज्याला पंचेचाळीस टक्के मिळाले तो मुलगा त्या दिवशी मांडवात येत नाही, आला तर खांबाआड उभा राहतो, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आहो. लग्नाच्या बोलण्यांतही 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'गॅरेजमध्ये आहे' असे उत्तर आले की मंडळी सुपारीच्या तबकाकडे पाहू लागतात. मुंबईस गिरण्या चालू होत्या तेव्हा आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल साच्यावरच्या आणि जॉबरच्या हातांनी पेटली. त्या काळवंडलेल्या हातांनीच आपल्या ज्ञातिगृहाचे चिरे बसविले. त्यांच्या नातवंडांनी काळ्या हाताची लाज धरावी काय?

म्हणून मंडळाने पुढील वर्षापासून दोन पारितोषिके ठेवावी, एक मुलास, एक मुलीस. विषय एकच: घरातील अथवा गावातील बंद पडलेली वस्तू स्वतः चालू करून दाखवावी व काय बिघडले होते ते पंचांसमोर चार वाक्यांत सांगावे. आणि ज्ञातिगृहात एक हत्यारांची पेटी असावी: पाने, पक्कड, पेचकस, हातोडी, कानस, करवत आणि विजेचा टेस्टर. ज्याला पाहिजे त्याने वहीत सही करून न्यावी, पुसून परत आणावी. या पेटीस आरंभ म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातून पान्यांचा एक संच आम्ही आजच मंडळाच्या स्वाधीन करीत आहो.